नाल्यापल्याडची अकरा पोरं

बाई, तुम्ही गेल्याचं मला पोंभुर्ण्याच्या बाजारात कळलं. मी सुके झिंगे घेऊन बसले होते. ब्लॉकच्या ऑफिसातला चपराशी समोर उकिडवा बसून झिंगे निवडत होता. निवडता निवडताच म्हणाला, "तुमच्या त्या सायकलवाल्या बाई गेल्या म्हन्ते."

मी विचारलं, "कुठी झाली बदली?"

त्यानं मान वर केली. "बदली नाई वं माय. कावीळ झाली होती. अमरावतीले आईकडं नेलं होतं. तिथीच."

मी त्याचे झिंगे कागदात बांधले, सुतळी गुंडाळली, गाठ मारली. ती सोडली आणि परत मारली. तो म्हणाला, "एवढं काऊन बांधून राह्यली?" 

सात महिने मी तुमच्याशी नीट बोलले नव्हते. तुम्ही पाहणीला आल्या की मी बालवाडीचा पट पुढे करायची, पोरांना गाणं म्हणायला लावायची आणि "सगळं बरं आहे" एवढंच सांगायची. तुम्ही दोनदा थांबून विचारलंत, "गिरजाबाई, अजून राग आहे का?" दोन्ही वेळा मी खाली बघितलं. तुम्ही काय समजायचं ते समजल्या. नाल्याकाठच्या आमच्या वस्तीतल्या, टोलीतल्या बायाही म्हणायच्या, गिरजाचा राग काही जात नाही. मी सगळ्यांना तसंच समजू दिलं. पण तो राग नव्हता. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती आणि तुमच्यासमोर उभं राहिलं की तीच तोंडाशी यायची. आज लिहिते आहे. माझ्या अहवालातल्या वेलांट्या तुम्ही लाल पेन्सिलीनं सुधारायच्या. आज चुकल्या तर तशाच राहतील.

तुम्ही पहिल्यांदा आल्या ती सकाळ मला चांगली आठवते. सायकल गावात ठेवून, चपला हातात धरून, नाल्याच्या मधोमध थांबल्या होत्या. पाणी घोट्याएवढं. तरी तुमचा चेहरा पांढरा पडला होता. टोलीतली एक सहा वर्षांची पोरगी पाण्यात उतरली आणि तुमचं बोट धरून तुम्हाला घेऊन आली. काठावर आल्यावर तुम्ही आमच्यापुढे कबूल करून टाकलंत, "मला पाण्याची फार भीती वाटते. पोहता येत नाही." आम्ही ढिवर, मासे धरणारी माणसं, खूप हसलो. तुम्हीही हसल्या. त्याच दिवशी आम्हाला तुम्ही आवडल्या, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तेव्हा बालवाडी आमच्या टोलीतच होती, माझा नवरा शिवा जाळी वाळवायचा त्या मांडवाखाली. ती तुमच्या खात्याची. नाल्याच्या पलीकडे गावात ब्लॉकची दुसरी बालवाडी होती, समाजमंदिरात. तिथं टिनाचं छप्पर, सिमेंटची जमीन, भिंतीवर फळा. पण तिथली सेविका लग्न होऊन निघून गेली आणि दारावर कुलूप पडलं. पाऊस सुरू झाला की आमचा मांडव गळायचा, आणि गावातल्या बाया रोवणीला गेल्या की त्यांची लेकरं बांधावर चिखलात पडून असायची.

एक दिवस तुम्ही कागद घेऊन आल्या. मांडवाखाली बसून तो मला वाचून दाखवला. दोन ऑफिसं, दोन साहेब. एक म्हणतो इमारत माझी, दुसरा म्हणतो सेविका माझी. त्या दोघांना एका टेबलाशी बसवायला तुम्ही तीन महिने चांद्याला, जिल्ह्याच्या ऑफिसात चकरा मारल्या होत्या.

"तिथं छप्पर आहे, बाई नाही. इथं बाई आहे, छप्पर नाही," तुम्ही म्हणाल्या. "आता एकच बालवाडी. समाजमंदिरात. सेविका तुम्हीच."

तुमचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी मात्र म्हटलं, "बाई, आमचे पोट्टे तिथी दारात बसतीन."

"दारात का? आत बसतील. सगळ्यांच्या बरोबर."

"तुमी बाहेरच्या हा. तुमाले इथलं माहीत नाई."

"म्हणून वेगळंच बसायचं का? आज पोरं वेगळी बसली तर मोठेपणीही वेगळीच बसतील, गिरजाबाई."

"इथी पोट्टे हासते तरी. तिथी तोंड मिटून बसतीन. काय करायचं असं सोबत बसून?"

आपला वाद तिथून सुरू झाला, आणि आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

मी ऐकलं, कारण पगार तुमच्या खात्याचा होता आणि तुमच्या शब्दाला मी मान देत होते. पहिला आठवडा तुम्ही रोज सकाळी टोलीत येऊन आमच्या पोरांबरोबर नाला ओलांडायच्या. ती पोरगी तुमचं बोट धरायची. गावातल्या आया आपापल्या मुलांच्या हाती बसायला पोतं द्यायच्या. पोत्यावर बसलेली एक रांग, जमिनीवर बसलेली एक रांग. तुम्ही दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बसायला सायकलला बांधून एक लांबच लांब टाटपट्टी आणली आणि दारात उभं राहून सगळी पोती घडी करून घरी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी गावातली पाच मुलं आली नाहीत. नऊ आली. तुम्ही म्हणाल्या, "नऊ आली." मी म्हटलं, "पाच गेली." आपण दोघी एकाच टाटपट्टीकडे बघत होतो.

मग तो दिवस आला. पोळा होऊन आठ दिवस झाले होते.

सकाळी आमच्याकडे नुसती भुरभुर होती. मी अकरा पोरं घेऊन नाला ओलांडला, पाणी पोरांच्या गुडघ्याला लागत होतं. माझा धाकटा आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा, त्याला सासूजवळ ठेवला होता. वरच्या अंगाला रानात कधी कोसळलं ते आम्हाला कळलंच नाही. वरचा तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला होता. घरी जायच्या वेळी मी पोरांना ओळीनं नाल्यावर घेऊन आले, तर नाला नव्हताच. लाल पाणी, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्यात उलटीपालटी होत जाणारी झुडपं.

गावातली मुलं केव्हाच घरी गेली होती. मी आमच्या अकरा पोरांना परत समाजमंदिरात नेलं, मोठ्या पोरीला दाराशी बसवलं आणि पुन्हा काठावर आले. पलीकडे टोलीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. तुम्हीही तिथं होत्या. त्या दिवशी पाहणी टोलीतल्या घरांची होती म्हणून तुम्ही पलीकडेच राहिल्या होत्या. पाण्याचा आवाज एवढा की ओरडलेलं काही पोचत नव्हतं. बाया हात वर करून दाखवत होत्या, छाती पिटत होत्या. मी दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि मग आणखी एक. अकरा. सगळे आहेत.

मग शिवानं आणि आणखी दोघांनी डोंगा ओढत आणला. मला धीर आला. आमची माणसं पाण्यातलीच. पण डोंगा पाण्यात लोटायच्या आधी तुम्ही त्यात जाऊन बसल्या. मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे येताय. पाण्याला भिणारी ही बाई येऊन राहिली बघा, असं वाटून माझे डोळे भरून आले. पण डोंगा हलेना. शिवा हातवारे करत होता, तुम्ही जागच्या हलत नव्हत्या.

तिथं काय झालं ते शिवानं मला नंतर सांगितलं. तुम्ही म्हणाल्या होत्या, "या पाण्यात मुलांना बसवून आणायचं नाही. ती तिथं कोरडी आहेत. पाणी उतरेपर्यंत तिथंच राहू दे."

एका आईनं तुमचा दंड धरून ओढलं. "तुमचं अस्तं लेकरू तिकडं, तं असं बसल्या अस्त्या का?"

तुम्ही म्हणाल्या, "माझी अकराच्या अकरा तिकडे आहेत."

शिवा म्हणाला, "बाई, उतरा. आमाले पानी शिकवू नोका."

"नेणार असाल तर मला घेऊन चला. मला पोहता येत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मला बुडू न देता नेऊ शकत असाल, तर मुलांनाही आणू शकाल."

शिवानं वल्हं खाली टाकलं. तो आजही म्हणतो, "मी आणले अस्ते." मीही कितीतरी दिवस तेच म्हणत होते. आमच्या माणसांच्या हातांवर तुम्ही भरवसा ठेवला नाही, ते मला लागलं. पण शिवानं वल्हं टाकलं हेही खरं. का टाकलं, ते मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही.

मग तुम्ही डोंग्यातून उतरल्या, सासूकडून माझा धाकटा घेतला आणि काठावरच्या उंच दगडावर चढून त्याला दोन्ही हातांनी वर धरला. मला दिसावा म्हणून. दुसऱ्या कोणीतरी पाजून त्याला शांत केलं होतं. इकडे माझी छाती दाटून आली होती, लुगड्याचा पदर भिजला होता. तुम्ही बराच वेळ तसंच धरलं होतं, बाई. तुमचे हात भरून आले असतील. त्याबद्दल मी दोन शब्दही बोलले नाही.

मी समाजमंदिरात परतले तेव्हा पोरं भुकेनं रडायला लागली होती. सकाळचं दूध कधीच जिरलं होतं. समोरच्याच घरात कौसल्याबाई राहायची. म्हातारी, गुडघ्यांनी अधू, तिचा नातू आमच्या नऊ मुलांत होता. घर गरिबाचंच, एवढीशी धानाची बांधी आणि सुनेची मजुरी. ती पळसाच्या पानांवर भात आणि वर पातळ वरण घेऊन आली. पत्रावळी तिनं उंबऱ्याबाहेर पावसाच्या थेंबांत मांडल्या आणि चार पावलं मागं सरकून उभी राहिली.

पोरं उठली. मी हात आडवा धरला.

मी म्हटलं, "आजी, आत येऊन वाढा. नाई तं घेऊन जा."

"आत कशी येऊ वं? माया घरचे काय म्हन्तीन?"

"तं ऱ्हाऊ द्या."

अकरा भुकेली पोरं माझ्या हाताला धरून उभी होती, बाई, आणि मी त्यांना घास घेऊ देत नव्हते. सगळ्यात लहान होता तो माझ्या हाताखालून डोकं घालून भाताकडे बघत होता. कौसल्याबाईनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि एकेक पत्रावळ उचलून निघून गेली. तिचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला. मी काय करून बसले होते! पोरं आता मोठ्यानं रडायला लागली आणि मी त्यांना गाणं म्हणायला सांगत होते. कोणी म्हणेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "मुलांना गावात कोणी खायला दिलं का?" तेव्हा मी तुम्हाला इथपर्यंतच सांगितलं. दाराबाहेर मांडलं, आत आल्या नाहीत, उचलून नेलं. आणि वर म्हटलं, "मी म्हटलं नव्हतं तुमाले?"

तुम्ही हातातली लाल पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणाल्या, "तुमचं खरं निघालं, गिरजाबाई."

त्या महिन्याच्या अहवालात तुम्ही लिहिलंत की एकत्र बालवाडीचा प्रयोग फसला. टोलीची बालवाडी पुन्हा टोलीत आली. तुम्ही खटपट करून मांडवावर टिनं घालून दिलीत. समाजमंदिराला परत कुलूप लागलं. ब्लॉकला नवी सेविका मिळाली नाही, आणि गावातली ती नऊ मुलं पुन्हा बांधावर गेली. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

पण त्या दिवशी पुढं जे झालं ते असं.

थोड्या वेळानं कौसल्याबाईचं दार पुन्हा वाजलं. ती आली ती भाताचा मोठा गंज आणि पळी घेऊन, तोंडानं बडबडत. "एवढीशी बाई अन् मले सांगते. माया घरात मले कोनी असं बोललं नाई." बडबडतच तिनं उंबरा ओलांडला, पोरांच्या पुढ्यात पानं टाकली आणि वाढायला लागली. पाच-सहा पानं वाढून झाल्यावर कमरेवर हात ठेवून थांबली. "गुडघे दुखते माय, उभ्यानं किती वाढू?" असं म्हणाली आणि टाटपट्टीवर बसली. आमच्या पोरांच्या मधोमध. बसूनच तिनं बाकीच्यांना वाढलं, सगळ्यात लहान होता त्याला आपल्या हातानं भरवलं, आणि मला म्हणाली, "तू बी बस. दूध पेत्या लेकराची माय हायेस तू."

मी जेवले, बाई. तिच्या हातचं पोटभर जेवले.

दिवेलागणीला पाणी उतरलं. शिवा आणि बाकीचे कमरेएवढ्या पाण्यातून आले आणि एकेक पोर खांद्यावर बसवून घेऊन गेले. पोरांनी घरोघर सांगितलं, आजीनं भात दिला, आजी आमच्याजवळ बसली. सगळ्या टोलीला ठाऊक होतं. तुम्हालाच तेवढं कोणी सांगितलं नाही. टोलीला बालवाडी टोलीतच हवी होती, आणि नाल्यावरचा तो दिवस बघितल्यावर कोणत्या आईला दोष द्यायचा? पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही मला विचारलं होतं, कारण तुमचा माझ्यावर विश्वास होता.

बाजारातून परत येताना मी सरळ कौसल्याबाईकडे गेले. ओसरीवर बसून मोहाची फुलं पसरत होती. मी सांगितलं, आमच्या बाई गेल्या.

तिचे हात थांबले. "ते सायकलवाली? तरनीच होती वं." मग म्हणाली, "चांगली होती. पन मले एक कळलं नाई. आधी इथून जाताना रामराम करायची, गुडघ्याचं इचारायची. त्या पुरानंतर माया घराकडं पाह्यलं बी नाई कधी. मी म्हटलं, काय चुकलं माह्यं?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तुम्हाला काय सांगितलं होतं, आणि काय सांगितलं नव्हतं.

ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "मंग ते मेली तवा तिले हेच वाटत होतं? का मी पोट्ट्याइच्या पुढचा भात उचलून नेला?"

"हो, आजी."

ती फुलं पसरत राहिली. आतून तिचा नातू बाहेर आला. त्याच्या कमरेला दोरीची खूण होती. सून पहाटे मोह वेचायला जाते आणि म्हातारीला त्याच्यामागे धावता येत नाही, म्हणून ती त्याला खांबाला बांधून ठेवायची. मी त्या खुणेकडे बघते आहे हे कौसल्याबाईनं बघितलं.

"तुया मांडवात याले घेशीन?" तिनं विचारलं.

"गावातले बोलतीन, आजी."

"बोलतीन. मले इचारून राह्यली का तू, का मी तुले इचारून राह्यली?"

आज सकाळी मी गावात जाऊन त्याला घेऊन आले. चैताचे दिवस, नाल्यात नुसती वाळू आहे. सगळा रस्ता तो रडत होता, दोनदा माझ्या हाताला चावला. कौसल्याबाई काठीवर रेलत मागून आलीच, मध्ये वाळूत दोन ठिकाणी बसली, पण आली. टोलीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या.  शिवानं म्हातारीला बसायला खाट आणून दिली.

पटावर त्याचं नाव लिहिताना मला अडखळायला झालं, कारण तो ब्लॉकच्या बालवाडीतला आणि पट तुमच्या खात्याचा. तुमच्या जागी आलेले साहेब पुढच्या आठवड्यात यायचे आहेत. ते विचारतील. त्यांना मी पुराच्या दिवसाचं सगळं सांगणार आहे, शेवटपर्यंत, आणि समाजमंदिराचं कुलूप काढायला सांगणार आहे. उन्हाळ्यात कुठं बसायचं, पावसाळ्यात कुठं बसायचं, कुणाच्या पोरांनी कधी नाला ओलांडायचा, हे त्या दोन ऑफिसांनी पुन्हा एका टेबलाशी बसून ठरवावं लागेल. त्यांना बसवायला आता तुम्ही नाही. चांद्याला मी कधी गेले नाही. जाईन.

आमच्या माणसांनी त्या दिवशी डोंगा घालायला हवा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यावर मी तुमच्याशी भांडत राहीन. पण अहवालात तुम्ही जे लिहिलंत ते चुकीचं आहे, आणि ती चूक तुमची नाही. प्रयोग फसला नव्हता, बाई. कौसल्याबाई आत आली होती. आत येऊन आमच्या पोरांत बसली होती.